आजोबांचा भूप

माणूस जातो, पण त्याचे सूर मागे राहतात, असं शोकसभेत सांगतात. सांगणाऱ्याला बहुधा पुढच्या कार्यक्रमाची घाई असते.

आज सकाळी टेकडीवर एक अनोळखी गृहस्थ मिटलेली छत्री खांद्यामागे नेऊन तसेच थांबले. गोल्फची काठी उगारून माझे आजोबा अगदी असेच थांबायचे. ते भूप गुणगुणत असायचे आणि सम आल्याशिवाय चेंडू मारायचे नाहीत. मागे खोळंबलेले खेळाडू ओरडायचे, "अहो दादासाहेब, सम आज येणार की उद्या?"

"येईल तेव्हा येईल. तोवर झाडं बघा की!" आजोबा म्हणायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

मी श्वास रोखून त्या गृहस्थांच्या गुणगुणण्याची वाट पाहिली. त्यांनी छत्रीने चार चिंचा पाडल्या आणि ते निघून गेले. मला मात्र आजोबांची ती चाल काही केल्या आठवेना. त्यांचा चेहरा दिसतो, टोपी दिसते, पायाखालचं ओलं गवत दिसतं. आवाजाच्या जागी नुसते ओठ हलतात.

घरी येऊन मी मोठमोठ्या गवयांचा भूप लावला, एकामागून एक. दुपार झाली तरी एकातही आजोबा सापडले नाहीत. शेवटी आईला विचारलं, "तुझ्या बाबांसारखा भूप कुणाचाच कसा नाही गं?"

आई मेथी निवडत होती.

"कसा असेल?" ती म्हणाली. "ते बेसूर गायचे."