वजनकाट्याचं उद्घाटन

माझा भाऊ बॉक्सर होता, तेव्हा लोक मला हमखास विचारायचे, "त्याला मार बसताना तुला बघवतं का गं?" बघवायचं. ठोसा डोळ्यांना दिसतो, कुठून आला आणि कुठं बसला ते कळतं, आणि तीन मिनिटांनी घंटा होते. मला भीती वाटायची ती आमच्या न्हाणीघराबाहेर ठेवलेल्या वजनकाट्याची.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. शाळेत असल्यापासून हातमोजे चढवायचा. त्या काळी या खेळाचं फळ ठरलेलं असे. राज्य पातळीवरची दोन-तीन पदकं, त्यांची प्रमाणपत्रं, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित झेरॉक्स आणि शेवटी खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी. पप्पा स्वतः सरकारी खात्यातले. झेरॉक्सची फाईल त्यांनी तयार ठेवली होती. पण खात्यांनी भरती थांबवली. शहराच्या चारी अंगांना काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मी त्यांतल्या एकीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या कामाला लागले आणि भावाला एका इव्हेंट कंपनीनं करारावर सही करायला बोलावलं. त्या दिवसापासून तो व्यावसायिक बॉक्सर झाला. म्हणजे डोक्यावरचं हेडगार्ड गेलं, अंगातला बनियन गेला आणि नावाआधी एक हिंस्र प्राणी लागला.

करारात एक आकडा होता: एकसष्ट किलो. भाऊ मुळात सदुसष्टचा. लढतीच्या आदल्या दिवशी वजन होणार, त्यात एकसष्टच्या वर काटा गेला की लढत नाही. मधले सहा किलो दर वेळी उतरवायचे. आधी मीठ बंद, मग भात बंद. मग प्लास्टिकचा रेनकोट घालून भर दुपारी कात्रजच्या जुन्या घाटात पळायचं. घरी येऊन तो रेनकोटच्या बाह्या मोरीत उलट्या करायचा तेव्हा धार लागायची आणि आई स्वयंपाकघरात निघून जायची. शेवटच्या दिवशी पाणी बंद. त्या दिवशी आम्ही घरातली माणसं बाल्कनीत जाऊन, त्याला भांड्याचा आवाज येणार नाही अशा बेतानं पाणी प्यायचो.

हे सगळं उस्तादांच्या देखरेखीखाली चालायचं. उस्ताद म्हणजे त्याचे शिकवणारे. कारखान्यातून निवृत्त झालेले, कॅम्पात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुसलमान घरातले, तरुणपणी स्वतः बॉक्सर. पहिल्या तीन लढतींच्या वेळी वजन सकाळी आठला, हॉटेलच्या एका खोलीत, फारसं कुणी नसताना झालं. भाऊ काट्यावरून खाली उतरला की उस्ताद त्याच्या हातात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली द्यायचे. तिन्ही लढती तो जिंकला.

चौथ्या वेळी कंपनीला वाटलं, वजनसुद्धा दिमाखात व्हावं.

जागा नगर रस्त्यावरच्या एका मॉलचा चौक. वेळ अकरा. साडेआठला घरच्या काट्यावर साठ किलो नऊशे भरलं. "शंभर ग्रॅम हातात आहेत," उस्ताद खूश होते. भावानं आदल्या दुपारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मॉलमध्ये पोचलो तर लाल गालिचा, मोठाले दिवे, आणि मधोमध वजनकाटा. काट्याला सॅटिनची फीत बांधलेली. प्रमुख पाहुणे ती कापणार होते. वजनकाट्याचं उद्घाटन मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

प्रमुख पाहुणे म्हणजे त्या भागातले नेते. ते पाऊण वाजता आले.

फीत कापली. काट्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. आमच्या घरात नारळ चटणीसाठी फुटतो, त्यामुळे विधींचा क्रम मला ठाऊक नाही. पण त्यांना शेवट असतो अशी माझी समजूत होती. हार काट्यावर ठेवला तेव्हा आकडे उजळले. तीनशे चाळीस ग्रॅम. मग नेत्यांनी माईक घेतला आणि आपल्या तालमीच्या दिवसांवर बोलू लागले. पहाटेच्या जोर-बैठका झाल्या, मग ठंडाई आली. ती कशी घोटायची, बदाम किती, बर्फ कुठून आणायचा, हे सगळं सविस्तर आलं.

भाऊ स्टेजखाली बाकीच्या बॉक्सरांच्या ओळीत उभा होता. आधी मला त्याचे ओठ एकमेकांना चिकटलेले दिसले. मग कपाळ. दिव्यांच्या उकाड्यात नेत्यांपासून हमालापर्यंत प्रत्येकाला घाम फुटला होता. भावाचं कपाळ कोरडं होतं. जे असायला हवं ते नाही, हे हुडकण्याचाच मला पगार मिळत होता. जाऊन त्याचा हात धरला. नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा गरम आणि कोरडा.

"कसं वाटतंय?"

"ताई, पप्पा कुठं बसलेत?"

पप्पा लोणी काळभोरला लग्नाला गेले होते. आदल्या संध्याकाळी यानंच त्यांना बसमध्ये बसवून दिलं होतं.

माझ्या पर्समध्ये लिटरची बाटली होती. मी चेन उघडली तसा उस्तादांनी माझ्या हातावर हात ठेवला. "दस मिनिट, ताई. फक्त दहा मिनिटं. आत्ता पाणी दिलं तर तीन आठवडे वाया."

"तो बरळतोय, उस्ताद."

"सुकल्यावर सगळेच बरळतात. मी पण बरळायचो." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, भावाकडे बघत होते.

मी कंपनीच्या आयोजकाला गाठलं. तो कुजबुजला, "मॅडम, साहेबांना मधेच कसं थांबवणार? आपण समजून घ्या ना."

मी स्टेजवर चढले. नेत्यांनी मला पाहिलं, आयोजकानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "या, या ताई! ही आपल्या वाघाची मोठी बहीण बरं का!" कुठूनतरी शाल आली. अशा समारंभात एक शाल नेहमी शिल्लक असते. खांद्यावर शाल, हातात नारळ, एक फोटो. फोटोत कुणाचेतरी डोळे मिटले म्हणून आणखी एक. मग माईक माझ्या तोंडापुढे आला. "ताईंनी दोन शब्द बोलावेत."

मी म्हणाले, "माझ्या भावानं काल दुपारपासून पाणी प्यायलेलं नाही. आधी त्याचं वजन करा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, मी त्याचा त्याग सांगितला. नेत्यांनी माईक परत घेतला आणि "याला म्हणतात तपश्चर्या!" अशी नव्यानं सुरुवात केली.

मी ओळीकडे पाहिलं. भाऊसुद्धा टाळ्या वाजवत होता. सगळे वाजवतायत म्हणून, कुणासाठी ते न कळता. बाकीचे थांबले. तो वाजवत राहिला.

नारळ टेबलावर ठेवून मी खाली उतरले आणि बाटली उघडली. या वेळी उस्तादांनी अडवलं नाही. भाऊ डोळे मिटून, मधे न थांबता सगळी बाटली प्यायला. सव्वा वाजता वजन सुरू झालं. भावाचं भरलं एकसष्ट किलो आठशे.

नियमाप्रमाणे तासाभराची मुदत मिळाली. एव्हाना तो भानावर आला होता. आकडा त्यानं वाचला, माझ्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. "काय केलंस हे ताई?" मग उस्तादांना म्हणाला, "रेनकोट द्या. पार्किंगमध्ये पळतो." बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसला. बोटं वळेनात. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा नाडी सुटली. उस्ताद पाहत होते. मग आयोजकाकडे गेले आणि म्हणाले, "नाव काढा त्याचं."

जवळच्या दवाखान्यात दोन सलाईन लावल्या. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." डॉक्टर सगळ्यांनाच असं म्हणतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

त्या कंपनीनं त्याला पुन्हा बोलावलं नाही. पुढं दुसऱ्यांकडून तो वरच्या वजनगटात पाच लढती खेळला, अंगानं आपल्यापेक्षा थोराड माणसांशी, आणि त्यांतल्या चार हरला. मी एकाही लढतीला गेले नाही. मग त्यानं खेळ सोडला.

त्या दिवसाचं त्याला वजन आठवतं, बाटली आठवते. स्वतः वाजवत राहिलेल्या टाळ्या आठवत नाहीत. उस्ताद आणि मी सोडून त्या कुणी पाहिल्याही नव्हत्या. सगळे स्टेजकडे बघत होते. उस्तादांनी त्याला ते कधी सांगितलं नाही. मीही नाही. समोर काय चाललंय हे इतरांपेक्षा आधी ओळखण्यावर ज्यानं उमेदीची वर्षं काढली, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

अजूनही तो कधीतरी म्हणतो, "दहा मिनिटं थांबली असतीस, तर आज गोष्ट वेगळी असती."

मी म्हणते, "हो रे, घाईच झाली माझी."