धाकूच्या मोटरसायकलचं गाऱ्हाणं

घाटकोपरहून मरोळला जाणारी बस साकीनाक्याला तुंबली, की लवू घाडीला मनातून बरं वाटायचं. बाकीचे लोक ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत असायचे आणि हा खिडकीतून अर्धा बाहेर. खाली एखादा मोटरसायकलवाला अडकलेला असायचाच. त्याच्या डोक्यावर वाकून लवू विचारायचा, "काय हो, किती देते?"

लिटरला किती किलोमीटर देते, एवढंच त्याला हवं असायचं. कुणी चाळीस सांगायचा, कुणी पन्नास. एक जण म्हणाला, "सासऱ्यांनी दिलीय, त्यांनाच विचारा." लवूने तेही लक्षात ठेवलं.

माणूस तसा गुणी, बरं का. परळची गिरणी संपात गेली, तेव्हा डोक्याला हात लावून बसला नाही. मरोळला पंख्याची पाती बनवणाऱ्या कारखान्यात चिकटला. पण घाटकोपरच्या भटवाडीतून मरोळ म्हणजे बसच्या मर्जीवर जगणं. उशीर झाला की गेटवरचा सुपरवायझर घड्याळाकडे बघायचा आणि नुसता हसायचा. शिवी दिली असती तर लवूने उलट दिली असती. हसण्याला काय देणार? म्हणून त्याला मोटरसायकल हवी होती. परवडणारी, रोज किक मारली की सुरू होणारी, आणि त्या गेटमधून सुपरवायझरच्या आधी आत शिरणारी.

आता घ्यायची तर घ्यावी ना! छे. लवूची पसंती चालली होती. राजदूत दणकट, पण ती दूधवाल्यांची. येझदी ऐटीची, पण ती जवान पोरांना शोभते. बुलेटसाठी आधी तसं पोट लागतं. लुना घ्या म्हटलं तर म्हणायचा, "मी बसल्यावर लुना दिसणार कुठे?" जीव अडकला होता तो नवीन निघालेल्या जपानी इंजिनाच्या शंभर सीसीवर. तीही लाल. पण बुकिंगला म्हणून निघाला, की वाटेत कुणीतरी भेटायचं आणि सांगायचं, "थांब रे, अजून एक नवीन येतेय म्हणे." की लवू परत घरी.

त्याची बायको सुलक्षणा एकदा म्हणाली, "अहो, मला बघायला आलात तेव्हा पोह्यांची बशी संपायच्या आत हो म्हणालात. मोटरसायकलला एवढं काय?"

"तुला कुठे पेट्रोल घालायचं होतं?"

"घालताय की रोज. चहा म्हणतात त्याला."

चाळीत समोरच्या खोलीत धाकू राहायचा. लवूच्याच गावचा, वयाने लहान, घरात आई कृष्णाबाई आणि तो. संध्याकाळी गॅलरीत लवू त्याला पकडायचा आणि गिअर, क्लच, टायर, सगळं ऐकवायचा. धाकू शेंगा खात खात "होय काय?" म्हणायचा. त्याची नोकरी गोवंडीला, एका गोदामात. गोवंडी म्हणजे काय हो, भटवाडीतून निघून पान तोंडात टाकलं तर ते रंगायच्या आत येतं.

तर एका रविवारी लवू गॅलरीत दात घासत उभा होता. खाली पोरांचा गलका झाला. वाकून बघतो तर लाल, नवी कोरी, शंभर सीसी. टाकीवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. आणि वर बसलाय धाकू.

"लवूदा!" धाकू खालून ओरडला. "तू सांगितलंस तीच घेतली रे! माझी अक्कल एक टक्का नाही त्यात!"

लवूच्या तोंडात पेस्टचा फेस होता म्हणून बरं. सगळ्यांना वाटलं, त्यामुळेच बोलत नाहीये.

त्यानंतर लवूची जी वाट लागली, ती काय सांगावी. गाडी जिन्याच्या तोंडाशीच लावलेली. जाता-येता दिसायची. धाकूने तिच्यावर जुनी चादर घातली, तर लवूला ती चादरीखालून दिसायची. लोकांना सांगत सुटला, "लाल रंग ऊन खातो. दोन वर्षांत गुलाबी होणार बघा." "गोवंडीला जायला मोटरसायकल? उद्या संडासला रिक्षाने जाईल." पानवाल्याने विचारलं, "धाकूची झकास आहे ना?" तर म्हणाला, "गाडी झकास आहे. बसणारा बघ ना जरा." एकदा कोणी नाही असं बघून त्याने सीटवर हात ठेवला. ऊन लागून गरम झाली होती. त्याने हात असा काढला, जणू परक्याची बायको.

घरात तर बोलायची सोय नाही. भात वाढला तर म्हणे गार आहे, आमटी वाढली तर म्हणे गरम आहे.

"पोटात दुखतंय तर ओवा देऊ?" सुलक्षणाने विचारलं.

"कोणाच्या पोटात दुखतंय?"

"मला काय माहीत. भटवाडीत एकच पोट आहे का?"

आणि त्यावर कळस म्हणजे कृष्णाबाई आली. हातात तांदळाची ताटली, त्यात नारळ. "लवू, झिला, उद्या सकाळी गाडयेचा गाऱ्हाणा घालूक व्हया. तूच घाल बाबा. तुझो बापूस गावात घालायचो. तुझ्या तोंडाक गुण हा."

गाऱ्हाणं म्हणजे आपल्या कोकणातलं देवापुढचं बोलणं. नवीन घर, लग्न, होडी, म्हैस, काहीही असो, एका जाणत्याने नारळ धरून मोठ्याने देवाला सांगायचं, की बाबा असं असं आहे, सांभाळ. आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "होय महाराजा!" म्हणायचं. घाडी घराण्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. लवूचा आवाज वडिलांसारखाच घुमायचा. चाळीत मानाचं काम होतं ते, आणि एरवी लवू त्यासाठी जेवणावरून उठून गेला असता.

"काकी, घसा बसलाय माझा," लवू म्हणाला.

"सकाळी दूधवाल्याशी भांडताना तर चांगला उभा होता," सुलक्षणा आतून म्हणाली.

झालं. नाही कसं म्हणणार? कृष्णाबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि गेली.

पण लवूची खरी अडचण वेगळी होती, आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नाही. वडिलांनी शिकवलेल्या गाऱ्हाण्यात शेवटी एक ओळ येते. ती गाळता येत नाही. गाळली तर गाऱ्हाणं लागत नाही, असं वडील म्हणायचे. ओळ अशी की, "ह्या वस्तूवर जो कोण जळात, वाकडी नजर टाकीत, त्येच्या नजरेची माती कर रे महाराजा!" आता बोला. अख्ख्या चाळीत त्या गाडीवर सर्वात जास्त जळणारा माणूस कोण? आणि त्याची माती करायला देवाला सांगणार कोण? सुपरवायझर नुसता हसतो. गावचा देव रवळनाथ काही हसण्यावर नेत नाही.

सकाळी चाळ जमली. गाडीला झेंडूचा हार, हँडलला लिंबू-मिरची, पुढच्या चाकाखाली एक लिंबू. धाकू नव्या शर्टात. लवू नारळ धरून उभा राहिला, डोळे मिटले आणि सुरू झाला.

"बा देवा रवळनाथा, बारा वयवाटीच्या महाराजा!"

"होय महाराजा!"

"आज तुझा ह्या लेकरू धाकू, तुझ्या आशीर्वादान ह्या घाटकोपरात ऱ्हवान, घामाच्या पैशान ही गाडी घेऊन इला हा!"

"होय महाराजा!"

"तिका खड्डो नको, ट्रक नको, हवालदार नको! ती गोवंडेक जाऊन सुखरूप परत येव दे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

आवाज असा लागला होता, की दुसऱ्या मजल्यावरचे नानासुद्धा हात जोडून कठड्याशी आले. एका बाजूला लवूला स्वतःचाच अभिमान वाटत होता. आणि ओळ जवळ येत होती.

"आणि ह्या गाडयेवर... जो कोण जळात..."

लवू थांबला. सगळे वाट बघतायत. नारळाला घाम फुटला, म्हणजे लवूच्या हाताला. एक डोळा किलकिला करून त्याने बघितलं, तर सुलक्षणा थेट त्याच्याकडेच बघत होती, ओठ दाबून. तिला ती ओळ पाठ होती. लग्न झाल्यापासून ऐकत होती.

"जो कोण जळात," लवू पुन्हा म्हणाला, आणि मग घाईघाईत, एका दमात, "त्येका पण एक गाडी दी रे महाराजा! नवी नसली तरी चलात!"

 आणि मग अख्ख्या चाळीने आवाज दिला, "होऽऽय महाराजा!"

असा आवाज त्या सकाळी एकदाही निघाला नव्हता. पानवाला ओरडला, वरून नाना ओरडले, मागच्या खोलीतला नंदू तर दोन्ही हात वर करून ओरडला. लवूने डोळे उघडून बघितलं. म्हणजे हे सगळेच जळत होते की काय! त्याला एवढं हलकं वाटलं, की नारळ पहिल्याच फटक्याला फुटला.

कृष्णाबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. "तुझ्या बापाशीन असा कधी म्हटलेला नाय हा, लवू."

"काळ बदलला, काकी."

धाकू मठ्ठ दिसतो, पण तसा नाहीये. सोमवारी सकाळी गाडी घेऊन जिन्याशी उभा. "लवूदा, बस मागे. माझी पाळी दुपारची आहे. सोडतो मरोळला."

नाही म्हणावं असं लवूला फार वाटलं. तोंडाने "कशाला उगाच" म्हणता म्हणता तो बसलासुद्धा. असल्फ्याच्या स्टॉपपर्यंत गप्प होता. मग राहवेना. "गिअर टाक रे. आता खाली आण. अरे क्लचवर पाय... हात, हात! यार, तुला चालवायला दिली कोणी?" साकीनाक्याला नेहमीसारखं सगळं तुंबलं. शेजारी बस उभी होती. खिडकीतून एक माणूस अर्धा बाहेर आला आणि धाकूला विचारलं, "काय हो, किती देते?"

धाकूने मागे वळून बघितलं. "लवूदा, किती देते रे?"

लवूच्या छातीत काय झालं ते रवळनाथालाच माहीत. गाडी दुसऱ्याची, पेट्रोल दुसऱ्याचं, आणि उत्तर त्याला तोंडपाठ. "नीट चालवली तर साठच्या पुढे," तो दातओठ खात म्हणाला. "पण आधी नीट चालवावी लागते."

गेटवर सुपरवायझर अजून आला नव्हता. धाकू टाटा करून गेला. आणि लवूने त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पसंती संपवली. कारखान्यामागच्या तबेल्यात एक राजदूत विकायला होती. नवी कुठली येतेय, कुणाला विचारलं नाही. किती देते, तेही विचारलं नाही.

गाडी घरी आली. काळी, कडेला रंग उडालेला, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवायचे लोखंडी हुक तसेच. ऊन लागलं की तिला दुधाचा वास यायचा. पोरं ओरडली, "लवूकाका, अर्धा लिटर गायीचं!" सुलक्षणाने तर दुधाचं भांडंच आणून पुढे धरलं.

आपल्या गाडीचं गाऱ्हाणं लवूने स्वतःच घातलं. आणि शेवटची ओळ? जुनीच. घसा ताणून, एकेक शब्द सुटा करून. "जो कोण जळात, त्येच्या नजरेची माती कर रे महाराजा!"

"होय महाराजा," चाळ म्हणाली. शांतपणे, जांभया देत.

लवूने एका डोळ्याने सगळ्यांचे चेहरे तपासले. पानवाला कान कोरत होता. नाना आत गेले होते. कुणाच्या पोटात म्हणून दुखत नव्हतं. हे मात्र त्याला लागलं हो. एवढी मोटरसायकल घेतली आणि एक माणूस जळू नये?

लोक पांगले. खोबरं वाटून झालं. धाकू तेवढा गाडीपाशी रेंगाळला होता. हुकाला हात लावून बघत होता. वर घेतला, सोडला, परत वर घेतला.

"लवूदा, याला दोन्हीकडे पिशव्या लागतात ना रे? गॅसचं सिलिंडरसुद्धा येईल."

"येईल की."

"माझ्या गाडीला काय, आईची बाजाराची पिशवी अडकवायला जागा नाही. रोज कटकट करते." मग म्हणाला, "आवाज पण भारी आहे हिचा. माझी आली तरी कुणाला कळत नाही."

 लवूने हुकावरून फडकं फिरवलं, जिथे धाकूचा हात लागला होता तिथेच, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला.

"सुलक्षणा! अगं, मीठ-मोहरी काढ. लवकर. गाडीला नजर लागली."

"कोणाची?"

"धाकूची!" लवू म्हणाला, आणि त्या दुपारी कितीतरी दिवसांनी त्याने भात परत मागून घेतला.