पुसण्याआधीचा फोन

शैलाताईंना कोडमधली एखादी जुनी ओळ पुसायची असली, की त्या आधी फोन उचलायच्या. “भैय्या, आपकी मशीन हमारे सिस्टम पे चलती है ना? सब ठीक?” अशी सुरुवात व्हायची आणि पोरांच्या परीक्षेपर्यंत मजल जायची. नोएडाच्या आमच्या ऑफिसात त्यांच्या टेबलावर काम चाललंय की विमा विकणं, हे नव्या माणसाला चटकन कळत नसे.

ताई आमच्या टीमच्या प्रमुख. मूळच्या पुण्याच्या, राहायला माझ्यासारख्याच मयूर विहारला, त्यामुळे मेट्रोत रोजची सोबत. कारखान्यांतल्या संगणकांसाठी आमची कंपनी ऑपरेटिंग सिस्टम बनवते. संगणक आणि यंत्र यांच्यात एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. या दुभाष्यांनी सिस्टमशी बोलायची एक जुनी रीत होती. ती काढून नवी आणायची असं ठरलं आणि काम ताईंकडे आलं. मी मदतीला. घरी बायको म्हणाली, “तुझ्याच्याने बंद पडलेला मिक्सर टाकवत नाही, तू काय काढणार?” पण ऑफिसात मी दुसराच माणूस असतो. पहिल्याच दिवशी म्हणालो, “ताई, एका दमात उडवून टाकू. ज्याचं अडेल तो येईल बोंबलत.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “अरे मकरंद, माणूस बसलाय तोवर खुर्ची ओढायची नसते. आधी त्याला सांगायचं. उठायला वेळ द्यायचा. दुसरी खुर्ची दाखवायची. मग ओढ हवी तेवढी.”

तसंच झालं. आधी, जुन्या रीतीने कुणी बोललं की पडद्यावर सूचना उमटू लागली, ‘ही रीत लवकरच बंद होणार आहे.’ मग एकेक ड्रायव्हर नव्या रीतीवर नेला. सगळे उठले, एक उठेना. पानिपतला ब्लँकेटचा एक कारखाना होता. तिथल्या मागाला नक्षी पुरवणारं संगणकातलं कार्ड इतकं जुनं, की ते बनवणारी कंपनीच बुडालेली. आमचे साहेब म्हणाले, “उन्हें पुराने वर्जन पे रहने दो, यार.”

केबिनमधून बाहेर येताच ताई मला म्हणाल्या, “आणि उद्या त्यांचा संगणक बिघडला तर? नवा येईल तो नव्या सिस्टमचा. त्या दिवशी माग बंद. थंडी तोंडावर आलीय त्यांची. चल, जाऊन येऊ.”

डबा देताना बायकोने बजावलं, “पानिपत करून येऊ नकोस.”

कारखान्याचे मालक गुप्ताजी दारातच उभे होते. “मैडमजी, सर्दी का पूरा ऑर्डर इसी पर है. ये रुकी, तो समझो मैं रुका.” मी ऐटीत नवा ड्रायव्हर बसवला. माग सुरू झाला, तोही पूर्वीपेक्षा झपाझप. “देखिए, एकदम फास्ट!” असं म्हणून मी स्वतःच टाळी वाजवली. गुप्ताजींनी चहा मागवला. ताईंनी मात्र कपाला हात लावला नाही. मागाखालून ब्लँकेटवरचं पहिलं फूल पूर्ण उतरेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मग त्यावर बोट ठेवलं.

“पाकळी सरकलीय, मकरंद.”

“ताई, एवढंसं कोण बघतंय?”

“पांघरणारा बघेल.”

गुप्ताजींचा चेहरा उतरला. मी चहा संपवला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. ताई मात्र संगणकासमोर बसल्या आणि त्यांनी दुखणं शोधून काढलं. जुनी रीत प्रत्येक ओळीनंतर क्षणभर थांबायची. कुणी ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण म्हातारं कार्ड तेवढ्यात दम घ्यायचं. नवी रीत माझ्यासारखी, समोरच्याचं ऐकून न घेता बोलतच सुटलेली. ताईंनी त्या एका ड्रायव्हरमध्ये तेवढंच थांबणं पुन्हा घातलं आणि शेजारी शेरा लिहिला: ‘इथे कार्डाला श्वास घेऊ द्या.’ पुढचं फूल अख्खं उतरलं. “अब वही बात है,” गुप्ताजी म्हणाले आणि ताईंसाठी दुसरा, गरम चहा सांगितला.

मग एके दिवशी जुनी रीत कायमची पुसली. शेवटचं बटण ताईंनी मला दाबायला लावलं. नंतर बराच वेळ आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. तो वाजला नाही. ताईंनी डबा उघडला. “कुणालाच काही कळलं नाही. म्हणजे जमलं. घे, थालीपीठ खा.”

पुढे त्या निवृत्त होऊन पुण्याला परतल्या. त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आहे. जाण्याआधी कितीतरी महिने, काहीही विचारलं की म्हणायच्या, “आज सांगते. पुढच्या वेळी तुझं तू शोधायचंस.” माझ्यासाठीही पडद्यावर सूचना उमटत होती, हे मला फार उशिरा कळलं.

परवा टीममधली नवी मुलगी तन्वी आली. दिल्लीतच वाढलेली, मराठी थोडं हिंदीच्या आधाराने चालणारं. “सर, या ड्रायव्हरमध्ये ना, एक फालतू का वेट आहे, प्रत्येक ओळीनंतर उगाच थांबतं. वरून लिहिलंय, कार्डाला श्वास घेऊ द्या. कार्ड कहाँ साँस लेता है, यार? काढून टाकू? बिल्कुल फास्ट होईल.”

मी फोन तिच्यापुढे सरकवला.

“आधी पानिपतला लाव. आणि हे बघ, एकदम कामाचं बोलू नकोस. गुप्ताजींच्या नातवाची परीक्षा कशी गेली, ते विचार.”