त्या नर्सची बाजू

आमच्याकडे त्या नर्सचा विषय निघाला की दीर कपाळाला हात लावायचा. यानात बसून नव्या ग्रहाकडे निघालेल्या माणसांची ती मालिका, हिंदीत डब केलेली. यानातले सगळे शूर आणि हसरे. ही एकटी दर मुक्कामाला विचारणार, आता परत फिरायचं का? शेवटी बाईनं इंजिनच बंद पाडलं. झालं, घरात तिच्या नावानं शिमगा सुरू.

सासूबाई टीव्हीसमोर मिरच्यांची देठं खुडत होत्या. म्हणाल्या, "रडतोंडी शे ती."

"मुळीच नाही," मी म्हटलं. मीही खुडायलाच बसले होते, पण दर दोन मिनिटांनी उठत होते. महिनाभर माझं हेच चाललं होतं. घर, गच्ची, अंगण, पुन्हा घर. आमचे हे साखर कारखान्यात केमिस्ट. त्यांना आफ्रिकेतल्या एका कारखान्यानं बोलावलं होतं, बंगला आणि गाडीसकट. सगळे खूश. शहाद्याच्या शाळेत माझी नोकरी आत्ता कुठे कायम झाली होती, तिचं काय, हे कोणी काढेना. मलाही तोंड उघडवेना.

"कोणाला लागलं की पट्टी बांधायला तीच लागते," मी म्हटलं, "आणि ती बोलायला लागली की सगळे उठून जातात. मग तिनं करावं तरी काय?"

"अहो वहिनी, सगळे मेले असते ना!"

"मेले का? नाही ना? थांबले. थांबले तेव्हा कुठे मेल्यांनी तिच्याकडे मान वळवून पाहिलं."

माझा आवाज चढला होता. हे हसत म्हणाले, "एवढं काय मनावर घेतेस? मालिका आहे ती."

"तुन्ही काय लागस ती?" सासूबाईंनीही विचारलं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "मिरचीना हात डोयाले लागना का? जा, पानी मार."

मिरचीच्या दिवसांत आमच्याकडे बायकांच्या डोळ्यांतल्या पाण्याची कोणी चौकशी करत नाही. ते सोयीचं असतं. मी उठलेही होते, मोरीपर्यंत गेले, आणि तशीच परत आले. मला संताप आला होता, सगळ्यांचा.

"मिरची नाही," मी म्हटलं. "मला आफ्रिकेला यायचं नाहीये."

दिरानं टीव्हीचा आवाज बंद केला. सासूबाईंचे हात थांबले. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पण मी कळवून टाकलंय. आम्ही दोघं येतोय म्हणून."

"मग पुन्हा कळवा," मी म्हटलं. "एकटाच येतोय म्हणून."