रुसावं तर आबांनी

रुसणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण ज्यांचं रुसणं बघायला लोक हातातलं काम टाकून यायचे असे रुसणारे एकच झाले, ते म्हणजे आमचे आजोबा. लासूर स्टेशनापासून थोडं आत आमचं गाव. त्या गावात ज्याच्यावर आबा एकदा तरी रुसले नाहीत, त्याला आपण गावात धरले जातो की नाही अशी शंका यायची. ते माणसांवर रुसत, बैलांवर रुसत, रेडिओवर रुसत. एकदा भाकरी फुगली नाही म्हणून तव्यावर रुसले. आजीनं मुकाट्यानं दुसरा तवा काढला, तर दोन दिवसांनी म्हणाले, "त्या पहिल्याला बी चढव चुलीवर. त्याला वाटंल, आपल्याला टाकलं." एस.टी.वर तर त्यांचा राग प्रसिद्धच होता. एकदा हात करूनही गाडी थांबली नाही. तेव्हापासून आबा त्याच गाडीच्या वेळेला, त्याच रस्त्यानं, तिच्याकडं न बघता पायी चालायचे. शेवटी ड्रायव्हरच गाडी हळू करून त्यांच्या बाजूनं चालवायचा. कंडक्टर दारात लोंबकळून म्हणायचा, "बसा ना आबा, आता किती ताणता?" आतली माणसं म्हणायची, "बसा हो आबा, आमाला उशीर होतोय." मग आबा बसायचे, पण खिडकीशी नाही. खिडकीशी बसलं म्हणजे राग गेला असा अर्थ झाला असता.

त्यांच्या रुसण्याला शिस्त होती. उपाशीपोटी ते कधी रुसले नाहीत. तक्रार सकाळची असली तरी दुपारचं जेवण, वर वाटीभर ताक, मिशा पुसणं, हे सगळं यथासांग उरकून मगच भिंतीकडं तोंड करायचे. घराबाहेर जाऊन रुसायचं असलं तर पत्ता देऊन जायचे. "मी लिंबाखाली बसतोय. शोधत भलतीकडं जाऊ नका." थंडीचे दिवस असले तर घोंगडी मागून घ्यायचे. आजी घोंगडी देता देता म्हणायची, "न्या. अन् सांजच्याला पिठलं हाय, तवर आटपा तुमचं." आपण होऊन मात्र ते कधीच उठायचे नाहीत. कोणीतरी जाऊन समजूत काढली पाहिजे. लहानपणी ते काम बहुतेक माझ्याकडं यायचं, आणि मी ते घाबरत घाबरत करायचो, कारण मला कायम वाटायचं, ह्या वेळी ते खरंच उठले नाहीत तर?

एवढ्या रुसक्या माणसाला सबंध भावकी लग्नात कशासाठी बोलवायची, तर दुसऱ्यांची समजूत काढायला. आमच्याकडच्या लग्नात कोणीतरी रुसल्याशिवाय मांडवाला रंग चढत नाही. जावई रुसतो, व्याही रुसतो, नवरदेवाचा चुलता रुसतो. असं काही झालं की हाक उठायची, "आबाला पाठवा रे!" आबा जायचे आणि रुसलेल्याच्या शेजारी बसून त्याच्याहून जास्त रुसायचे. शहरातल्या छावणी भागात एका लग्नात आमचे एक जावई रुसून बसले, कारण ते आले तेव्हा बँड वाजला नाही. आबा जवळ जाऊन बसले. "बराबर हाय जावईबापू. तुमच्या वक्ताला निदान ते वाजंत्रीवाले उभे तरी व्हते. मी आलो तं पाणी पेत बसले व्हते. माझ्याकडं बघून पेले!" हे सांगताना त्यांचा आवाज असा भरून आला, की जावईबापूंना आपलं दुःख किरकोळ वाटायला लागलं. थोड्या वेळानं अख्ख्या मांडवानं बघितलं, जावईबापू आबांचा हात धरून त्यांना पंगतीकडं ओढत होते. "चला आबा, लोक काय म्हणतील?"

मग माझं लग्न आलं. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. गावातल्या एकाच्या ओळखीनं माती उकरायच्या पोकलेनवर हेल्पर म्हणून लागलो आणि मशीन चालवता चालवता आसामापर्यंत गेलो. मुलगी हर्सूलची, बी.ए. झालेली. तिनं मला पसंत केलं ह्यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता, आणि सुट्टी घेऊन गाड्या बदलत येताना सगळ्या वाटेवर मला एकच धास्ती होती, की कोणीतरी शेवटच्या घडीला उठून विचारणार, "हा? हिला?"

विचारलं तिच्या मामांनी. मामा शहरात मास्तर. कार्यालयात फेटे बांधताना त्यांचा फेटा राहिला, एवढं निमित्त झालं आणि ते जाऊन बाहेरच्या रुखवताच्या टेम्पोत बसले. मामानं हात धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही. गुरुजींनी अंतरपाट घडी करून काखेत धरला. नवरदेवाच्या खोलीची खिडकी नेमकी त्या टेम्पोवर उघडत होती. मी बाशिंग सावरत खिडकीशी उभा, हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार. तेवढ्यात आबा धोतर सावरत टेम्पोत चढले.

"काहून रुसलात मास्तर?"

"फेटा राहिला आमचा. पण फेट्याचं जाऊ द्या, आबा. पोरगी आमची बी.ए. आहे. दिवसरात्र एक करून शिकली ती. आणि नवरदेव नववी!"

"खरंय," आबा म्हणाले. "लई खरंय. मी बी रुसलोय त्याच्यावर. शाळा सोडली तवापासून."

मी खिडकीत गार पडलो.

"बाप आजारी पडला अन् ह्यानं दप्तर खुंटीला अडकवलं. म्या म्हणलं, मी अजून नांगर धरतो, तू शीक. ऐकलं नाय. बसा मास्तर, मी बी बसतो हितंच."

मामा त्यांच्याकडं वळले. मग म्हणाले, "पण आबा, वडील अंथरुणाला खिळल्यावर लेकरानं काय करायचं होतं?"

"शिकायचं व्हतं."

"आणि घर?"

"मी व्हतो ना!"

"तुमचं वय काय होतं तेव्हा?"

"वय काढू नका. त्याच्यावर येगळा रुसीन."

"बहिणीचं लग्न त्यानंच करून दिलं म्हणतात."

"दिलं. शाळा तं गेली ना?"

"अहो शाळेचं काय घेऊन बसलात!" मामांचा मास्तरी आवाज लागला. "माझा धाकटा एम.ए. आहे, त्याला स्वतःचा रुमाल सापडत नाही! ह्या पोरानं ह्या वयात घर उभं केलं."

"ते असंल. मी काय उठत नाय. असल्या नवरदेवाचं कसलं लगीन?"

"असल्या म्हणजे कसल्या?" मामा ताडकन उठले. "आमचा जावई आहे तो! उठा आबा, मुहूर्त टळतोय. धरा हात."

टेम्पोतून उतरल्यावर आबांनी आपला फेटा सोडून मामांच्या डोक्याला बांधला आणि स्वतः बोडक्या डोक्यानं माझ्या लग्नात मिरवले.

आबांच्या ह्या करामतीवर पाहुणे पुढं कितीतरी दिवस हसत होते. मीही हसलो. पण "शाळा सोडली तवापासून" हे माझ्या मनातून जाईना. परत निघालो तेव्हा ते आम्हाला गाडीत बसवून द्यायला लासूर स्टेशनावर आले होते. बायको सामानापाशी बसली होती. मी धीर करून विचारलं, "आबा, टेम्पोत म्हणालात ते मामांना उठवायलाच ना?"

"मला खोटं रुसता येत नाय, पोरा."

"म्हणजे इतकी वर्षं...?"

"मंग काय! तू तिकडं लांब, समजूत काढायला येणार कवा? त्या मास्तरनं काढली. तो सांगत गेला, मला पटत गेलं. शिकलेला माणूस, नीट फोड करून सांगितलं त्यानं."

"आणि ते बाकीच्या लग्नांतलं?"

"छावणीतल्या त्या वाजंत्रीवाल्यावर अजून राग हाय माझा," आबा म्हणाले, आणि आमच्या गाडीला उशीर होता म्हणून स्टेशनावर रुसायला निघाले.

त्यानंतरही आबा पुष्कळ जगले. नव्वदी ओलांडून गेले. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन त्यांनी सगळ्या गावावर रुसून घेतलं. ह्या हिवाळ्यात, जेवण झाल्यावर, ताक पिऊन जरा आडवे झाले ते झालेच. दशव्याला मी कसाबसा पोहोचलो. टेम्पोतल्या त्या दिवसानंतर ते माझ्यावर एकदाही रुसले नाहीत. आसामातल्या डोंगरातून फोन लावून मी दर वेळी भीतभीत विचारायचो, "आबा, काही तकरार?" आणि ते म्हणायचे, "नाय रं. मंजूर हाय समदं." तेव्हा ऐकून केवढं हायसं वाटायचं. आता वाटतं, एखाद्या वेळी तरी रुसायला हवं होतं त्यांनी. सुट्टी टाकली असती, गाड्या बदलत आलो असतो, आणि ते उठेपर्यंत शेजारी बसून राहिलो असतो.