लाल डोळ्याचा पोपट

यंदा दिवाळीला एकही बाजारू भेटवस्तू द्यायची नाही, असं मी घरात ठणकावून सांगितलं. माझं असंच, एकदा डोक्यात बसलं की बसलं! नवरा म्हणाला, "अगं, काजूकतली दे आणि मोकळी हो." मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

आमच्या धारला दिवाळीआधी बायकांच्या हातच्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे सरदारपूरच्या एका बाईच्या दुकानात मण्यांचं तोरण दिसलं. पांढऱ्या मण्यांवर हिरव्या पोपटांची रांग, इतकी सुबक की मी जागीच थांबले. देवासला आईसाठी हेच न्यायचं, मी ठरवूनच टाकलं. मग सवयीने खोट काढायला तोरण उजेडात धरलं. सगळ्या पोपटांचे डोळे काळे, शेवटून दुसऱ्याचा तेवढा लाल.

हे आईचं काम! सगळं बिनचूक झालं की दृष्ट लागते म्हणून ती एक मणी मुद्दाम चुकवते. लहानपणापासून मी हे बघत आलेय.

"ये किसने बनाया?" मी विचारलं.

"देवास की एक माताजी हैं, दीदी. मैं हर महीने जाकर ले आती हूँ. बोलती हैं, नाम मत बताना. बेटी यहीं धार में है, उसको ये सब पसंद नहीं."

अरे देवा! ती बेटी समोर उभी होती आणि पर्स उघडून तोरणाचे पैसे मोजत होती.

तीन वर्षांपूर्वी आईने मला असंच तोरण करून दिलं होतं. मी म्हणाले होते, "आई, पुरे आता. असली तोरणं हल्ली कोण लावतं? डोळे मात्र फुकट घालवशील." आई "बरं" म्हणाली होती. मला वाटलं, तिने करणंच सोडलं. आणि ते तोरण मी कामवालीला देऊन टाकलं होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

भाऊबीजेला भावाकडे देवासला गेले. ओवाळणं झाल्यावर आईच्या मांडीवर पुडकं ठेवलं. तिने ते उघडलं. चष्मा न लावताच तिची बोटं मण्यांवरून फिरत शेवटून दुसऱ्या पोपटापाशी थांबली.

"छान केलंय हो कुणीतरी," ती म्हणाली. "तुला आवडलं?"

"खूप आवडलं. आई, मला सगळं कळलंय गं."

ती चपापली. माझी गाडी सुरू झाली, मी तशीच आहे: मला का नाही सांगितलंस, लोकांसाठी करतेस आणि माझ्यापासून लपवतेस, मी काय परकी आहे का! वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली.

आईने मला बोलू दिलं. मग तोरणाची घडी घालत तिने शांतपणे विचारलं, "मी केलंय म्हणून दिलं असतं, तर लावलं असतंस?"

मी ओवाळणीचं ताट उचलायला वाकले.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तुझ्या दाराला आधीचं आहेच की."