बोरगावच्या सोप्यातली तपासणी

रविवार, नऊ फेब्रुवारी, बोरगाव. हजर: गंगाआक्का, तिच्या आठ शेजारणी आणि मी.

चौथ्या माहितीपटाची महोत्सवात निवड झाल्याचं पत्र ठेवायला काल जुनी वही उघडली, तर वरच्या ओळीनं सुरू होणाऱ्या नोंदीच्या पानाला अजून तंबाखूचा वास होता.

माझा पहिला माहितीपट बिड्या वळणाऱ्या याच बायकांवर होता. त्यांनी हो म्हटल्याशिवाय तो कुठल्याही महोत्सवाला पाठवायचा नाही, असं ठरवलं होतं. आक्काच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, दारं लावून चादरीवर दाखवला. बायका मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेऊनच बसल्या. माहितीपट संपला. अंधारात हात तेवढे चालू.

कारखान्यात यांच्या बिड्या तपासून खराब माल बाजूला काढतात, त्याला छाट म्हणतात. मी विचारलं, "आक्का, छाट किती?"

"एक बी न्हाय गं. आमचा तपासणारा बी एवढं नीट बघत न्हाय."

"त्यो बिडीच बघतोय," शेजारीण म्हणाली, "हिनं आमास्नी बघितलं."

सगळ्या हसल्या. मग आक्का म्हणाली, "पर माज्या सुनेला मराठी कळत न्हाय. खाली कानडीत लिव."

तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं. आज कळतं, माझी पहिली निवड तीच.

पुढं चित्राखाली इंग्रजी अक्षरं झाली, हिंदी झाली. कानडी अजून राहिलीत.